सराफाच्या काट्यावर नवरंग

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मी जनावरांचा दवाखाना चालवते. म्हशीचा अडकलेला जार, शेळ्यांची पोटफुगी, मे महिन्यात धूळवाफ पेरणीच्या घाईत बैलांना आलेली खांदेसूज, असे माझे रोजचे काम असते. पाखरू रुग्ण म्हणून वर्षातून दोन-तीनदाच येते आणि तेही बहुधा मांजराने धरलेले पारवे किंवा घरट्यातून पडलेले साळुंकीचे पिल्लू. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यातील ती सकाळ माझ्या चांगलीच लक्षात राहिली आहे.

आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता. जांबोटीच्या बाजूला ढग अंधारून आले, तासभर विजा कडाडल्या, गाराही पडल्या आणि रात्री उशिरापर्यंत गावात वीज नव्हती. सकाळी 7 च्या सुमारास दवाखान्याचे दार उघडते तोच पायरीवर एक मामा बसलेले दिसले. जांबोटी रस्त्यावर नव्याने झालेल्या एका बंगल्यावर ते राखणदार आहेत. त्यांच्या मांडीवर बुट्टी होती आणि बुट्टीवर ओला टॉवेल.

"डॉक्टरबाई, जित्तं हाय, पण उडंना झालंय," ते म्हणाले.

टॉवेलचा कोपरा उचलला आणि मी दोन क्षण बघतच राहिले. तो नवरंग होता. पाठ हिरवी, खांद्यावर चकाकता निळा पट्टा, छाती पिवळसर बदामी, पोटाखाली शेपटीपर्यंत गर्द लाल, गळा पांढरा, डोळ्यांवरून गेलेली रुंद काळी पट्टी आणि मागे जवळजवळ नसल्यासारखी आखूड शेपटी. जंगलाच्या कडेने फिरताना त्याची दोन सुरांची शीळ मी अनेकदा ऐकली होती, परंतु तो पाचोळ्यात दडून वावरत असल्यामुळे हातभर अंतरावरून कधी पाहिला नव्हता. मामांच्या म्हणण्याप्रमाणे रात्री वीज आल्यावर बंगल्याच्या ओसरीवरचे दिवे तसेच जळत राहिले होते आणि पहाटे दर्शनी काचेखाली हे पाखरू पडलेले सापडले.

हकिगत ऐकताच बराचसा उलगडा झाला. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे सरकतो. त्याची वीण सह्याद्रीत, मध्य भारतात आणि थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत होते. हा प्रवास तो रात्री करतो. वादळात सापडून थकलेला, त्यात दिव्यांनी भुललेला पक्षी खाली उतरतो आणि काचेत दिसणाऱ्या झाडांना खरी झाडे समजून धडकतो. या दिवसांत तो घरात, गोठ्यात, क्वचित न्हाणीघरातही सापडतो, त्याचे कारण हेच. मी डायरीत दरवर्षी अशा नोंदी ठेवते. मार्चमध्ये पांगाऱ्यावर कलकलणाऱ्या भोरड्या, तारांवर ओळीने बसून एके दिवशी नाहीशा होणाऱ्या माळभिंगऱ्या, ओढ्याकाठचा शेवटचा धोबी, असे जाणाऱ्यांचे दिवस त्यात असतात. नवरंग मात्र आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी येणारा पाहुणा आहे आणि तो पहिल्यांदाच माझ्या टेबलावर आला होता.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी असाच काचेला धडकलेला एक खंड्या माझ्याकडे आला होता आणि त्याला तहान लागली असेल म्हणून मी ड्रॉपरने चोचीत पाणी सोडले. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याला गिळता येत नाही. जिभेच्या मुळाशी असलेल्या श्वासनलिकेच्या तोंडातून पाणी आत जाते. तो खंड्या दहा मिनिटांत गेला. पदवी असूनही ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून मामांना पहिला प्रश्न विचारला तो पाणी पाजले का हाच. त्यांनी पाजले नव्हते. कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला जे ठाऊक होते, ते मला एक जीव घालवून शिकावे लागले होते.

पंख दोन्हीकडे सारखे मिटत होते, हाडांत मोड नव्हती. बाहुल्या दोन्ही डोळ्यांत सारख्या होत्या, मात्र प्रकाशाला उजवी जरा उशिराने आक्रसत होती. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवले तर ते धारदार लागले. म्हणजे प्रवासासाठी साठवलेली चरबी संपून स्नायूही झिजू लागले होते. औषधाची मात्रा ठरवायची तर वजन हवे, आणि माझा काटा बोकडाच्या खाली काही जाणत नाही. समोरच्या सराफांचे दुकान अजून उघडायचे होते, तरी माडीवरून हाक ऐकताच ते छोटा काटा घेऊन स्वतःच खाली आले. पाखराला मलमलच्या पिशवीत घालून ठेवले, पिशवीचे वजन वजा केले, आणि आकडा दिसला 46.3 ग्रॅम. "जुन्या मापाने चार तोळेसुद्धा नाही," सराफ हळूच म्हणाले.

एवढ्याशा देहाला दोन मिलिलिटर कोमट सलाईन पुरते. ते इन्सुलिनच्या बारीक सुईने मांडी आणि पोट यांमधल्या सैल कातडीखाली सोडले. सूज उतरावी म्हणून मेलॉक्सिकॅमचा जेमतेम एक थेंब दिला. गिधाडांच्या मरणाला कारण ठरलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, आणि पक्ष्याच्या बाबतीत तर मी त्याचा विचारही करत नाही. त्यानंतरचा खरा उपचार म्हणजे पुठ्ठ्याचे भोके पाडलेले खोके, तळाशी जुने सुती फडके, अंधार आणि शांतता. खोके आतल्या खोलीत ठेवून मी दार ओढून घेतले. दर अर्ध्या तासाने बघण्याचा मोह आवरणे हेच त्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते.

वन्यपक्षी 1972 च्या कायद्याने संरक्षित असल्यामुळे वनखात्याला कळवले होते. दुपारी वनरक्षक आले. त्यांचे मराठी आणि माझे कन्नड दोन्ही कामापुरते. नोंदवहीत ते कन्नडमध्ये लिहीत होते. पक्ष्याचे नाव आले तेव्हा मी अडखळत "नवरंग" म्हटले, तर त्यांनी न थांबता लिहिले, कारण कन्नडमध्येही त्याला नवरंगच म्हणतात.

तीनच्या सुमारास खोक्यातून खरखर ऐकू आली. उकिरड्यातून उकरून आणलेली चार गांडुळे फटीतून आत सोडली आणि मी भिंतीला कान लावून बसले. थोड्या वेळाने पाहिले तर तीन संपली होती. पाखरू गुलाबी पायांवर ताठ उभे होते आणि माझ्याकडे बघून त्याने पंख अर्धवट फुलवून धमकी दिली. इतकी समाधानकारक धमकी मला कुणी दिलेली नाही.

संध्याकाळी वनरक्षक, मामा आणि मी बंगल्यापासून दूर, ओहोळाच्या कडेला बांबूच्या बेटाशी गेलो. खोके आडवे ठेवून झाकण उघडले. मिनिटभर काही हालचाल नाही. मग ते एक उडी मारून बाहेर आले, चोचीने एक वाळके पान उलटून पाहिले, आणि अचानक पंखांवरचे पांढरे ठिपके चमकवत जमिनीलगत उडून बांबूत शिरले. अंधार पडायच्या आधी वरच्या उतारावरून दोन सुरांची शीळ आली. ती त्याचीच की आधी येऊन ठेपलेल्या दुसऱ्याची, हे मला सांगता येणार नाही. मामांना मात्र यत्किंचितही शंका नव्हती.

परतताना त्यांनी काचेचे काय करायचे ते विचारले. रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवा आणि काचेवर बाहेरून काहीतरी टांगा, एवढे मी सांगितले. पुढच्या आठवड्यात म्हैस बघायला त्या बाजूला गेले तेव्हा बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर भाताची रिकामी पोती उसवून ओळीने बांधलेली होती. मालक बेळगावहून येऊन रागावून गेले होते म्हणे. पोती तशीच होती.