नोकरी लागली तरी कुपनं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवाळीत फराळाला आलात तेव्हा आमच्या तळघरातल्या फडताळात ओळीने लावलेल्या टूथपेस्ट, शांपू, साबण पाहून तुम्ही म्हणालात, "आता दोघंही कमावता, मग अजून पेपरातली सवलतीची कुपनं कशाला कापता?" माहेरी, सासरी, ऑफिसात, हा प्रश्न मला सगळीकडे येतो. त्या दिवशी चकल्या तळणीत होत्या, म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

2009 साली लग्न होऊन मी सांगलीहून न्यू जर्सीत एडिसनला आले. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. एच-फोरवर असणाऱ्यांना तेव्हा नोकरीची परवानगीच नव्हती. सांगलीत मी एका पतसंस्थेत हिशेब बघत असे. दर महिन्याला दुसऱ्यांच्या पैशांचा ताळा जुळवणारी मी, इथे आल्यावर माझ्या नावावर एक पैसाही येणार नव्हता. घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण दूध आणायला पैसे घेतानासुद्धा मला अवघड व्हायचं.

आमच्या इमारतीत कपडे धुण्याची मशीनं तळमजल्यावर होती. क्वार्टरची, म्हणजे 25 सेंटची, नाणी घालून चालणारी. तिथे एका टेबलावर लोक वाचून झालेले पेपर ठेवायचे. आमच्याच मजल्यावरच्या, पासष्टीच्या एक अमेरिकन बाई रविवारच्या 'स्टार-लेजर' या पेपरातल्या कुपनांच्या पुरवण्या तिथे बसून कापायच्या. मशीन फिरेपर्यंत अर्धा तास हाताशी असायचा. तेवढ्या वेळात त्यांनी मला शिकवलं.

कुपनं दोन जातींची. एक कंपनीचं, एक दुकानाचं. बऱ्याच दुकानांत एका वस्तूवर दोन्ही चालतात, पण एकाच जातीची दोन चालत नाहीत. तिसरी गोष्ट सेल. समजा टूथपेस्ट 3.99 डॉलरची आहे, सेलमध्ये 1.99 ला आली आणि तुमच्याकडे कंपनीचं एक डॉलरचं कुपन आहे, तर ती 99 सेंटला पडते. वर आमच्याकडचा विक्रीकर, आज 6.625 टक्के. तो मात्र 1.99 वरच लागतो, कारण कंपनीचं कुपन म्हणजे दुकानाने किंमत कमी केलेली नसते, त्यातला एक डॉलर कंपनी भरते. म्हणून कुपन आलं की लगेच पळायचं नाही. ते जपून ठेवायचं आणि सेलची वाट बघायची.

सुरुवातीला काउंटरवर कुपन पुढे करताना माझे कान तापायचे. मागे रांग, आणि आपण 50 सेंटसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलंय. एकदा एका दुकानात कॅशिअरने माझं कुपन उलटसुलट करून बघितलं आणि मोठ्याने नाही म्हणत, मान हलवत परत दिलं. बाटलीचं माप जुळत होतं, तारीख उलटलेली नव्हती. मी काही न बोलता पूर्ण पैसे भरले आणि गाडीत येऊन रडले. त्या रात्री बाईंनी मला कुपनाच्या तळाची बारीक अक्षरं वाचायला लावली. तिथे दुकानदाराला उद्देशून लिहिलेलं असतं: कुपनाची रक्कम आणि वर हाताळणीचे 8 सेंट कंपनी तुम्हाला देईल. म्हणजे दुकानदाराच्या खिशातून काही जात नव्हतं. मी कुणाकडे सूट मागत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तेच कुपन घेऊन मी मॅनेजरकडे गेले, तळाची ओळ दाखवली आणि बाटली घेऊन आले.

मग मी वही घातली. माझी आई महिन्याच्या वाणसामानाची यादी करताना वर 'श्री' लिहायची आणि पहिली हळद. माझ्या वहीतही तसंच. खाली रकाने: तारीख, वस्तू, छापील किंमत, दिलेले पैसे, वाचलेले पैसे. पहिल्या महिन्यात 38 डॉलर वाचले. मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला. तो माझा पहिला पगार होता, मला तरी तसाच वाटला.

चुकाही झाल्या. फुकटात पडतात म्हणून सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगच्या अकरा बाटल्या आणल्या. आम्ही कोशिंबीर खाणारी माणसं. दही, दाण्याचं कूट, फोडणी एवढंच आमचं ड्रेसिंग. बाटल्यांची तारीख उलटली आणि सगळ्या ओतून द्याव्या लागल्या. अन्न टाकताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून यादीत नाही ते फुकट असलं तरी घरात येत नाही.

आणि कुपनांवर घर चालतं असंही नाही. तूरडाळ, तांदूळ, मेथी, कोथिंबीर यांना मला तरी आजवर कुपन मिळालेलं नाही. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून वीस पौंडांची कणीक येते ती तिथे असेल त्या किमतीला. कुपनांचा खरा उपयोग साबण, टूथपेस्ट, कागदी रुमाल असल्या न्हाणीघरातल्या नि धुण्याभांड्याच्या वस्तूंना. खाण्यातली एकच गोष्ट मी दरवर्षी धरून ठेवते: बटर. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला ते उतरतं, तेव्हा बिनमिठाचं बटर घेऊन फ्रीजरमध्ये ठेवते आणि लागेल तसं तूप कढवते. एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. बाकीचं पाणी उडून जातं, थोडी बेरी राहते. आधी फसफस, मग बुडबुडे बारीक होतात, मग आवाजच थांबतो. त्या क्षणी गॅस बंद केला नाही तर करपलंच. मुलगी चमचा घेऊन बेरीसाठी उभी असते.

वस्तू स्वस्त आणणं हे अर्धंच काम. कपड्यांच्या साबणाच्या झाकणात आतून रेघा असतात, त्या बघून ओतायचा. झाकण भरून ओतला तर कुपनाचे दोन डॉलर महिन्याभरात गटारात. हे घरात सगळ्यांना शिकवायला मला वर्ष लागलं. आता नवरा धुणं लावतो, मुलगी घड्या घालते, आणि रेघेच्या वर कुणी जात नाही.

26 मे 2015 पासून ग्रीन कार्डच्या ठरावीक टप्प्यावर पोचलेल्यांच्या एच-फोर जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळू लागली. मलाही मिळाली. आज मी पुन्हा हिशेबच बघते. पण त्या सहा वर्षांत मी काही करत नव्हते, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला ती वही आठवते. नोकरी लागली म्हणून वही बंद करायची, तर ते काम नव्हतंच असं मीच म्हटल्यासारखं होईल. ते मला जमणार नाही.

'स्टार-लेजर'चा छापील अंक फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला. बरीचशी कुपनं आता फोनमध्येच असतात, आणि शेल्फवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, हा भाव फक्त डिजिटल कुपनवाल्यांना. मला शिकवणाऱ्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे. म्हणून शनिवारी रात्री त्या मला फोनवर यादी सांगतात, मी दुकानातल्या त्यांच्या खात्यात कुपनं चढवून ठेवते, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी बरोबर जातो. त्या अजून पाकिटात कात्री ठेवतात. गेल्या रविवारी त्यांनी ओट्सच्या डब्यावर चिकटलेलं एक कागदी कुपन सापडवलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तू घे, तुझ्या मुलीला आवडतात."