नव्वद दिवसांच्या मुदतीपायी अकरा महिने

आमची पतसंस्था छोटी, ऑफिस नारायण पेठेत. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच. दर ९० दिवसांनी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा, हा नियम मला काढायचा होता.

कॅशवरच्या काकूंचा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ: मोरया@१, मग मोरया@२. माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी चौदावर होती. सक्ती केली की माणसं हेच करतात. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासून दाखवलं. जुना पासवर्ड हाताशी असला, तर ४१ टक्के वेळा नवा तीन सेकंदांच्या आत सापडत होता. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटीने २०१७ मध्ये ही सक्ती नको असं लिहिलं, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदत काढली.

संचालक मंडळ एका बैठकीत राजी झालं. अडलं ऑडिटच्या फॉर्मवर. ‘पासवर्ड किती दिवसांनी बदलता?’ रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे जाईना, शून्य टाकलं तर लाल अक्षरांत ‘योग्य संख्या भरा’. ऑडिटवाल्यांना फोन केला.

"९० टाका ना सर, सगळे तेच टाकतात."

"पण आम्ही बदलत नाही आहोत."

"मग कसं चालेल? सिक्युरिटीचा प्रश्न आहे."

एनआयएसटीची पानं छापून बाणेरला त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलाने चाळली आणि म्हणाला, "हे अमेरिकेचं आहे." विंडोज काय भोरचं आहे का, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. साहेब एकदा जेवायला गेलेले, एकदा गावाला. तिसऱ्या फेरीत भेटले. सगळं नीट वाचून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण चेकलिस्ट वरून येते." वर म्हणजे कोण, ते त्यांनाही सांगता येईना.

तुम्ही करणार असाल तर फोनवर विसंबू नका, मेल टाका. फोनवरचं नंतर कुणालाच आठवत नाही. आणि हो, आधी ओटीपी सुरू करा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी सगळे ताडून घ्या, मगच मुदत काढा. मी उलटं केलं आणि दोन आठवडे झोप उडवून घेतली. पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदलायचा.

शेवटी साहेबांनीच हळूच सुचवलं, "९९९ टाकून बघा." घेतलं!

काकूंना सांगितलं, आता एकच मोठा पासवर्ड ठेवा, सारखा बदलायला नको.

"मग अठरावरच थांबू का?"