एका घरात दोन फॉर्म

28 एप्रिल 2025, सोमवार. पहलगामचा हल्ला होऊन सहा दिवस झाले होते. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 तारखेपासून रद्द झाले होते आणि टीव्हीवर दिवसभर अटारी सीमेवरची परत जाणाऱ्यांची रांग दाखवत होते. उल्हासनगर-3 मधल्या आमच्या ऑफिसचं शटर मी वर केलं, तेव्हा जिन्यावर माणसं बसलेलीच होती.

मी वकील नाही. वकीलसाहेबांच्या ऑफिसात फॉर्म भरते. पासपोर्ट, पॅन, गॅझेटमधला नावबदल, भाडेकरार, आणि मार्च 2024 मध्ये सीएएचे, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्याचे नियम आले तेव्हापासून नागरिकत्वाचे अर्ज. जिन्यावरची सगळी माणसं एलटीव्हीवाली, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे राहणारी सिंधी कुटुंबं. हिंदूंच्या एलटीव्हीला धक्का नाही, असा खुलासा परराष्ट्र खात्याने केला होता. मी तो मोबाइलवर काढून दाखवत होते. पण ज्याच्या खिशात पाकिस्तानी पासपोर्ट आहे त्याला खुलाशाने झोप लागत नाही. वर्षानुवर्षं ‘बघू, करू’ म्हणत अर्ज टाळणारे सगळे त्या आठवड्यात एकदम आले.

त्यांतलंच एक कुटुंब. सदुसष्ट वर्षांची अम्मा आणि तिचा एकेचाळीस वर्षांचा मुलगा. मुलाचं कापडाच्या दुकानात कमिशनवर काम. 2009 साली कराचीहून राजस्थानात येणाऱ्या थार एक्स्प्रेसने आलेले. तेव्हा ती गाडी सुरू होती. ऑगस्ट 2019 पासून बंद आहे.

अम्माची फाइल बघण्यासारखी होती. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, वर्षावर्षाची विजेची बिलं, एलटीव्हीच्या प्रत्येक मुदतवाढीचा कागद, सगळं तारखेवार प्लास्टिकच्या पाकिटांत. तिने ती अभिमानाने माझ्यासमोर ठेवली. मी चाळली, मिटवली आणि विचारलं, “अम्मा, तिकडचं काय आहे?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं ही माणसं आपण इथलेच आहोत हे दाखवणारे कागद जमवत आली होती. शेजाऱ्यांना तर कराची-शिकारपूरचं नावही कधी सांगितलेलं नाही. आणि हा अर्ज सुरूच होतो तो तुम्ही पाकिस्तानचे आहात हे सिद्ध करण्यापासून. त्यासाठी कागदांची एक यादी आणि 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलात हे दाखवायला दुसरी यादी. दुसऱ्या यादीपुरती अम्माची फाइल जरुरीपेक्षा जास्त होती. पहिल्या यादीसाठी तिने पदराखालून कापडी बटवा काढला. त्यात तिचा आणि मुलाचा पासपोर्ट. दोन्ही 2013 मध्येच संपलेले.

“हे चालत नाहीत ना?” मुलाने विचारलं. पूर्वी नसतेच चालले. पूर्वी अर्जासाठी पाकिस्तानी पासपोर्ट चालू लागायचा. त्यासाठी दिल्लीला त्यांच्या उच्चायुक्तालयात जा, फी भरा, नूतनीकरण करा, आणि मग तोच परत करा. घरात पाच माणसं असली की खर्च ऐकूनच लोक उठून जायचे. 2016 च्या अखेरीस ठाण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार मिळाले, तरी बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडलं. नव्या नियमांत मुदत संपलेला कागदही चालतो. मुनाबाव या सीमेवरच्या स्टेशनचा शिक्का असलेलं पान मी स्कॅनरवर ठेवलं, तेव्हा अम्मा म्हणाली, “हा मी दोनदा फाडायला काढला होता.”

खरी गंमत पुढे झाली. मी मुलाला म्हटलं, तुमचा फॉर्म वेगळा आणि अम्माचा वेगळा. त्याला पटेना. एक घर, एक गाडी, एक तारीख, मग दोन फॉर्म कसे?

कायद्यातली भानगड अशी. नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 प्रमाणे तुम्ही स्वतः किंवा तुमच्या आई-वडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल, तर तुम्ही ‘भारतीय वंशाचे’. तुमची नोंदणी होते, फॉर्म टू-ए. अम्मा 1958 ची, पण तिचे वडील 1932 चे, शिकारपूरचे. ती बसली. मुलाचे आई-वडील दोघंही फाळणीनंतरचे. कायदा आई-बापापाशी थांबतो, आजोबापर्यंत जात नाही. म्हणून मुलगा परका. त्याचं ‘देशीयकरण’, फॉर्म एट-ए. त्यात वर भाषेचं घोषणापत्र आणि एका भारतीय नागरिकाने त्याच्या चारित्र्याबद्दल दिलेलं प्रतिज्ञापत्र.

अम्मा जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझा बाप याचा आजोबा नाही का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा तेरा वर्षांचा नातू इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेला, शाळेत मराठी शिकतो, ‘कणा’ कविता तोंडपाठ म्हणतो, आणि तोही कागदावर पाकिस्तानीच. डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघं नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. त्याच्या घरी एकही नागरिक नाही. तो आई-वडिलांच्या मागून येणार.

याच घराची दुसरी फांदी इथेच उल्हासनगरच्या कॅम्प 4 मध्ये राहते. अम्माचे काका जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाली तेव्हा बोटीने मुंबईला आले. तिथून कल्याणच्या लष्करी छावणीच्या बॅरेकमध्ये. ऑगस्ट 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. 19 जुलै 1948 च्या आधी आलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने नागरिक मानूनच टाकलं. अर्ज नाही, फी नाही. अम्माचे वडील शिकारपूरचं दुकान सोडायला तयार झाले नाहीत. दोन सख्ख्या भावांतल्या या फरकाची वसुली सत्त्याहत्तर वर्षांनी पुढच्या पिढीकडून चालली होती.

आता अम्माच्या वडिलांचा जन्म दाखवायचा होता. बटव्यातून तिसरा पासपोर्ट निघाला, वडिलांचा. शाईने हाताने भरलेला, फोटोवर उठावाचा शिक्का, जन्म 1932, शिकारपूर. मी खूश झाले, आणि लगेच लक्षात आलं की हा माणूस हिचाच बाप, हे कशावरून? अम्माच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव. आणि तिचं स्वतःचं नावही लग्नात बदललेलं. सिंधी घरांत ही चाल आहे, आपल्याकडेही होतीच. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं. मी लग्नाचा दाखला मागितला. तो असणार कुठून? सिंध प्रांतात हिंदूंची लग्नं नोंदवण्याचा कायदाच 2016 साली झाला. अम्माचं लग्न 1977 चं.

वकीलसाहेब कोर्टातून येईपर्यंत थांबा म्हणावं, असं मनात आलं. तेवढ्यात तो जुना पासपोर्ट मी सहज पुढे उलटला. जुन्या पासपोर्टात मुलांसाठी एक पान असायचं. बापाबरोबर प्रवास करणाऱ्या लहान मुलांची नावं त्यात चढवत. त्या पानावर एकच ओळ होती. अम्माचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख. शाई तपकिरी पडलेली, सातचा आकडा जरा लपेटून काढलेला. तिचा पासपोर्ट शेजारी ठेवला. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही जुळत होते.

“चौसष्ट साल,” अम्मा म्हणाली. “बाबा हरिद्वारला घेऊन आला होता. येताना काकाकडे, इथे. बॅरेकमध्ये नळ एकच होता आणि चाचीने मला रांगेत उभं केलं होतं.” पुढच्या वर्षी युद्ध झालं आणि येणं-जाणं तुटलं.

ते पान मी सहाशे डीपीआयवर स्कॅन केलं. फाइल मोठी झाली, पोर्टल घेईना. कमी करून परत टाकली. दोन नावांची बाई एकच, याचं प्रतिज्ञापत्र अम्माचं स्वतःचं, आणि जोडीला कॅम्प 4 मधल्या चुलतभावाचं.

धर्माच्या रकान्यावर आणखी एक मौज झाली. सहा धर्मांपैकी एक निवडायचा. “नानकपंथी लिख,” अम्मा म्हणाली. उल्हासनगरचे दरबार, म्हणजे सिंधी देवळं, ज्यांनी बघितलेत त्यांना हे समजेल. आत गुरू ग्रंथसाहिब, शेजारी झुलेलाल, भिंतीवर शंकर-पार्वती, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. यादीत हिंदू वेगळे, शीख वेगळे. पासपोर्टावर हिंदू होतं, ते घेतलं. सिंधी पंचायतीचं पत्रही तसंच आणायला सांगितलं, कारण स्थानिक समाजसंस्थेचा दाखला जोडावा लागतो. या यादीत कोण आहे, कोण नाही यावरून देशात काय रान उठलं ते वेगळं सांगायला नको. धर्म विचारून नागरिकत्व द्यावं हे मलाही बरं वाटत नाही. पण समोर बसलेल्या बाईचा फॉर्म भरताना त्या वादाचं मी काय करणार? तिची पानं नीट चढली पाहिजेत.

मुलाच्या फॉर्ममध्ये भाषेचा प्रश्न आला तसा तो खुर्चीत सरसावून बसला. “हिंदी टाका. मराठीपण समजतं.” सिंधी म्हणायला तो बिचकत होता. मी सांगितलं, सिंधी 1967 पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आहे, बिनधास्त टाका. त्याने ते दोनदा विचारून घेतलं.

मग चारित्र्य. अम्माच्या काकाच्या घरचं कोणी चाललं असतं, पण मुलानेच नको म्हटलं. नात्यातल्याचा शब्द कोण धरणार? त्याने फोन लावला शेजारच्या काकांना. हे काका रिक्षा चालवून आता घरी बसलेले, मूळचे जुन्नरकडचे. अर्ध्या तासात आले. गर्दी बघून म्हणाले, “काय, मतदान आहे का?”

मी मसुदा वाचून दाखवला. ‘मी यांना गेली बारा वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांचे चारित्र्य चांगले असून...’

“थांबा,” काका म्हणाले. “चांगलं आहे. पण हा माझ्या दारात स्कूटर लावतो. ते घालता येईल का?”

“काका!” मुलगा कळवळला.

“खरं लिहायचं ना? खाली लिहिलंय, खोटं असल्यास शिक्षेस पात्र.”

अम्मा मराठीत म्हणाली, आणि तिचं मराठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, “भाऊ, उद्यापासून नाही लावणार.” काकांनी सही केली. तो पाकिस्तानातून आलाय हे त्यांना मसुद्यातून कळलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “बारा वर्षांत बोलला नाहीस. मी काय पोलीस आहे?” आणि नोटरीकडे जायला उठले.

सर्व्हर संध्याकाळी सुस्तावला. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, मोबाइलची बॅटरी संपलेली, आमचा चार्जर त्याला बसेना. जिन्यावरची माणसं आत डोकावत होती. सरकारी फी 50 रुपये माणशी. ती भरून दोन्ही अर्ज गेले, तेव्हा बाहेर दिवे लागले होते. जी कुटुंबं राहिली त्यांना दुसऱ्या दिवशीचे नंबर दिले.

या अर्जांची छाननी टपाल खात्याचे अधीक्षक करतात, हे ऐकून सगळेच चकित होतात. जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख तेच. समितीच्या बैठकीला जिल्हाधिकारी कार्यालयातला नायब तहसीलदार दर्जाचा माणूस असतो आणि ‘उपलब्ध असल्यास’ स्टेशन मास्तरही. स्टेशन मास्तर कशाला, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. अम्माच्या सुनावणीला ते उपलब्ध नव्हते. अम्माने मूळ कागद दाखवले आणि राज्यघटनेवर निष्ठेची शपथ घेऊन खाली सही केली, सिंधीत, उजवीकडून डावीकडे. टेबलावरच्या बाबूने कागद फिरवून बघितला. “हीच सही पासपोर्टावर आहे,” अम्मा म्हणाली. होतीच.

दिवाळीनंतर तिचं प्रमाणपत्र आलं. नागरिकत्व अर्जाच्या तारखेपासून नव्हे, भारतात आल्याच्या दिवसापासून धरतात. म्हणजे ती 2009 पासूनच भारतीय. मुलाच्या अर्जावर शेरा आला. शेजारच्या काकांचं नाव आधारवर वडिलांच्या नावासकट आणि प्रतिज्ञापत्रावर नुसतं आडनावासकट. नवीन करून द्या.

दोघं पुन्हा ऑफिसला आले. अम्माने प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत पर्समधून काढली. “भारतीय नागरिकच पाहिजे ना? मग मी देते. याला मी जन्मापासून ओळखते.”

वकीलसाहेब खळखळून हसले. “अम्मा, आईने दिलेल्या चारित्र्याला कोण विचारतं?”

शेवटी काकांनाच बोलावलं. ते आले, आधार कार्ड टेबलावर ठेवलं आणि सही करण्याआधी मुलाकडे वळून म्हणाले, “स्कूटर परत तिथेच आहे.”