मोकळा आकडा

जिथं कुठलंच रेडिओ केंद्र लागत नाही, तिथं माझा रेडिओ फार सुंदर लागतो. जांबोटी मागं टाकून गाडी कणकुंबीच्या रानात शिरली, मोबाइलची रेंज जाऊन-येऊन राहिली, की भीमसेनजींचा षड्ज असा स्वच्छ उमटतो की मागच्या सीटवर डुलक्या घेणारे मामा डोळे न उघडताच म्हणतात, ‘हां, आता कसं!’ आणि हीच गाडी उलट्या दिशेला, कोल्हापूरकडे निघाली आणि तवंदी घाट उतरून निपाणीला लागली, की त्याच अभंगाच्या ऐन अंतऱ्यात कुणीतरी दागिन्यांच्या घडणावळीवर सूट जाहीर करतो.

या उफराट्या न्यायाला जबाबदार आहे लायटरच्या सॉकेटात खोचलेलं एक काळं यंत्र. एफएम ट्रान्समीटर. बेळगावात मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि हेडफोन लटकवलेल्या कुठल्याही दुकानात मिळतं. मी घेतलं तिथला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कन्नडात, माझ्याशी मराठीत आणि फोनवरच्या मालवाल्याशी हिंदीत बोलत होता. गॅरंटी विचारली, तर म्हणाला, ‘चालतंय तवर गॅरंटी की ओ.’ इतकी खरी गॅरंटी मला आजवर कुठल्या मोठ्या शोरूमनं दिलेली नाही.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांना हे प्रकरण कळणार नाही, म्हणून सांगतो. आमची गाडी मधल्या पिढीतली. कॅसेटचा जमाना संपला होता आणि ब्लूटूथचा आमच्या खिशापर्यंत आला नव्हता, तेव्हाची. तिच्यात रेडिओ आहे, सीडीची फट आहे, पण पेनड्राइव्ह खोचायला जागा नाही. कॅसेटवाल्या गाड्यांना निदान ती वायरवाली खोटी कॅसेट तरी चालायची. फटीत सरकवली की टेपला वाटायचं आपण कॅसेटच वाजवतोय. आमच्या गाडीला तीही सोय नाही. तिच्या पोटात बाहेरचं गाणं जायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे हवेतून. यंत्र पेनड्राइव्हमधलं किंवा फोनमधलं गाणं घेतं आणि त्याची रेडिओलहर करून सोडतं. यंत्रावर जो आकडा लावाल तोच रेडिओवर लावायचा. रेडिओला बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही की हे केंद्र गिअरच्या दांड्याशेजारी आहे.

लहर सोडतं म्हणजे किती? युरोपात अशा यंत्रांना जी मर्यादा घातली आहे ती ५० नॅनोवॅटची. एका वॅटचे दोन कोटी भाग केले तर त्यातला एक. ब्रिटनमध्ये तर २००६च्या डिसेंबरापर्यंत हे यंत्र वापरणंच बेकायदा होतं, कारण कायद्याच्या लेखी तुम्ही परवाना नसलेलं रेडिओ केंद्र चालवत होता. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे येणारं चायना यंत्र ५० नॅनोवॅटचा मान राखत असेल यावर माझा विश्वास नाही, पण तरी त्याचा आवाका काही मीटरचाच. समोर आकाशवाणीसारख्यांचे हजारो वॅट. असल्या कुस्तीत आमचं यंत्र जिंकतं कसं, तर जवळ असल्यामुळे. गाडीची अँटेना त्याच्यापासून एक-दोन मीटरवर, आणि कोल्हापूर डोंगरापलीकडे शंभर किलोमीटरवर.

आणि दुसरं कारण एफएमच्या स्वभावात आहे. मीडियम वेव्हवर दोन केंद्रं एका जागी आली की दोन्ही एकदम ऐकू येतात, बाजाराच्या दिवशी सगळे आवाज येतात तशी. एफएमचा रिसीव्हर तसं करत नाही. दोघांतलं जे जोरकस तेवढं तो धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. इंजिनियर लोक त्याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. म्हणून आमचं यंत्र जिंकतं तेव्हा पूर्ण जिंकतं, आणि हरतं तेव्हा तुकारामाच्या जागी थेट सराफ येतो. खरी गंमत दोघांचं बळ सारखं असतं तेव्हा. मग रस्त्याच्या प्रत्येक वळणाला निकाल बदलतो. अर्धी ओळ विठ्ठलाची, अर्धी दोन बेडरूम-हॉल-किचनची. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटायला नको खरं तर, पण त्या प्रश्नावर मी इथं बोलणार नाही. त्याला चहाची टपरी लागते आणि निदान दोन तास लागतात.

तर सगळा खेळ मोकळा आकडा सापडण्याचा आहे. ८७.५ ते १०८ एवढी पट्टी. तिच्यावर कुठं कोण बसलंय हे गावागणिक बदलतं. बेळगावात ९०.४ ला केएलई शिक्षणसंस्थेची वेणुध्वनी आहे, सामुदायिक केंद्र, शहर आणि भोवतालच्या खेड्यांपुरतं. ती जागा सोडायची. काकती गेलं, वंटमुरीचा घाट गेला, की पट्टी सैल होते. हत्तरगी, संकेश्वर निवांत. तवंदी घाटाच्या माथ्यावर समोर निपाणीचा मुलूख उघडतो आणि तिथं कोल्हापूर एकदम अंगावर येतं: ९४.३, ९८.३, आकाशवाणीचं १०२.७. काल ज्या आकड्यावर आपण राज्य केलं तिथं आज फुसफुस सुरू होते. कोगनोळी ओलांडून दूधगंगेच्या पुलावर येईपर्यंत पुढच्या सीटवरच्या भाच्याला दुसरं काम नसतं. एका हाताची बोटं यंत्राच्या बटणावर, दुसऱ्या हाताची रेडिओच्या. हा उद्योग चालवणाऱ्यानं स्वतः करू नये. सर्व्हिस रोडवरनं उलटे येणारे ट्रॅक्टर आकडा जुळेपर्यंत थांबत नाहीत.

एफएमची लहर सरळ बघते. शंभर मेगाहर्ट्झला तिची लांबी तीन मीटर, ती डोंगराला वळसा घालून फारशी येत नाही. त्यामुळेच ९८.३ कोल्हापुरातही आहे आणि पणजीतही, आणि दोघांची कधी भांडणं नाहीत. मध्ये सह्याद्री आहे. जांबोटी-कणकुंबीवरून गोव्यात उतरणाऱ्या चोर्ल्याच्या वाटेवर आम्ही त्या सह्याद्रीच्या अंगाखाली असतो, म्हणजे दोन्हीकडच्या केंद्रांच्या पाठीमागे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथून केरीचा उतार लागेपर्यंत पट्टीवर जवळपास कुणीच नसतं. हवा तो आकडा लावा. पावसाळ्यात त्या रस्त्याचे खड्डे असे की सीडी असती तर क्षणाक्षणाला उडाली असती. पेनड्राइव्हला त्याचं काही नाही.

मामांची पिढी मात्र मीडियम वेव्हवर वाढलेली. शहापुरातल्या त्यांच्या घरात फळीवर रेडिओ होता आणि त्याची सुई दोनच गावांमध्ये फिरायची. ७६५ ला धारवाड, १२५१ ला सांगली. धारवाडवर कन्नड बातम्या आणि रात्री हिंदुस्थानी गायन. सांगलीवर मराठी बातम्या, शेतीचा कार्यक्रम. मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, तिला घाट-माथ्याची फारशी पर्वा नाही. तिचं वैर विजेशी. मे महिन्यात वळवाचे ढग येळ्ळूरच्या राजहंसगडावर जमले की धारवाडचा ख्याल आणि आकाशातला कडकडाट एकाच स्पीकरमधून यायचा. कडकड किती जवळ आली त्यावरून मामी वाळवणं आत घ्यायची, असं मामा सांगतात, आणि मामी त्याला मान हलवते, त्यामुळे खरं असावं. ही खरखर घालवण्यासाठीच एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन माणसानं एफएमची पद्धत बसवली. त्याची पेटंटं १९३३ सालची. विजेचा धक्का लहरीची उंची बिघडवतो. आर्मस्ट्राँगनं गाणं उंचीत ठेवलंच नाही, कंपनांच्या वेगात ठेवलं. मामांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, ‘मग वळीव आलेला कळायचा कसा?’

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळीच आहे. अजूनही बाजारात अशी दुकानं आहेत जिथं आपण नुसतं कार्ड किंवा पेनड्राइव्ह ठेवायचा आणि ‘जुनी मराठी, थोडी भक्ती, थोडी कन्नड’ एवढं सांगायचं. तासाभरात भरून मिळतो. आत काय आहे हे देणाऱ्यालाही धड माहीत नसतं. भूपाळीच्या पाठोपाठ यल्लम्माचं गाणं, त्यापाठोपाठ लग्नाच्या वरातीतलं ढिनच्याक. क्रम बदलावा म्हणून मी घरी संगणकावर नावांआधी आकडे घातले, ००१, ००२ असे. काही उपयोग झाला नाही. ही स्वस्त यंत्रं नाव वाचतच नाहीत, ज्या क्रमानं गाणी आत भरली गेली त्याच क्रमानं वाजवतात. म्हणजे सगळं पुसून एकेक गाणं हव्या क्रमानं परत भरायचं. तेही केलं. आणि मग चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं, कारण भूपाळीनंतर वरात येणार याची कानाला सवय लागली होती.

एक मात्र त्या दुकानदारानं नकळत बरोबर ठेवलं होतं. भीमसेनजींचे मराठी अभंग आणि त्यांचीच कन्नड दासवाणी त्यानं एकाच फोल्डरात टाकली होती. तुकोबा संपतात आणि पुरंदरदास सुरू होतात. गळा तोच, विठ्ठल तोच. गदगला जन्मलेल्या, पुण्यात राहिलेल्या माणसाला फोल्डर वेगळे करायचं सुचलं नसतं, आपण तरी का करावं? तसं म्हटलं तर कुमार गंधर्वही आमच्या जिल्ह्यातलेच, सुळेभावीचे, जन्म १९२४चा. गाडी तिकडच्या फाट्यावरून गेली की मामा हे सांगतात. ते आधी कितीदा सांगितलंय याला महत्त्व नाही.

यंत्राचे दोष सांगायचे तर फोन त्याच सॉकेटातून चार्जिंगला लावला की एक बारीक शीळ येते आणि एक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. घाटात तिसरा गिअर टाकला की मध्य सप्तक, दुसरा टाकला की तार. मूळ कारण इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर. फोनची वायर काढली की शीळ जाते. एफएमवर १५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाजही जात नाही, म्हणून भाचा म्हणतो गाणं ‘फ्लॅट’ लागतं. लागत असेल. माझ्या वयाच्या कानांना त्याच्या वरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्यापुरतं हे यंत्र परिपूर्ण आहे.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं टाका, पुढची सिस्टीमच बदला, टचस्क्रीन बसवा, ब्लूटूथ जोडा, विषय संपला. खरं आहे, विषय संपतो. ब्लूटूथ एकदा एका फोनशी जोडलं की त्याच्यात दुसरं कुणी शिरत नाही आणि आपलंही बाहेर कुणाला जात नाही. आमचं यंत्र सांडतं. टोलनाक्यावर रांगा लागतात, गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि असल्या वेळी शेजारच्या रांगेतल्या वडापवाल्याचंही असंच यंत्र, असाच आकडा. आमच्या रेडिओवर सवदत्तीच्या जत्रेची गाणी दणाणायला लागली आणि त्यानं काच खाली करून आमच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा कळलं की त्याच्याकडे आमचे अभंग गेलेत. आत बसलेल्या बायाबापड्या हसत होत्या. तो ओरडला, ‘इरली बिडरी, चलो अद!’ राहू द्या, बरं आहे म्हणाला. तेवढ्यात त्याची रांग सरकली. टचस्क्रीनवर असं काही होणार नाही, आणि त्यासाठी वरून सात-आठ हजार मोजायचे, हे मला पटत नाही.

मामांनी आता स्वतःच्या ओम्नीत तसलंच यंत्र बसवून घेतलंय. अंबाबाईला जायचं तर माणसं एका गाडीत मावत नाहीत, दोन्ही गाड्या निघतात, आणि संकेश्वरच्या चहाला शेजारी-शेजारी लागल्या की पुन्हा तोच घोळ. म्हणून गेल्या खेपेला निघतानाच दारात उभ्याउभ्या वाटणी झाली. मामा किल्ली फिरवत म्हणाले, ‘हे बघ गा, तुझं सत्त्याऐंशी, माझं एकशेसात. मधलं सगळं कोल्हापूरवाल्यांना राहू दे.’