आधी बोट, मग गाडी

आम्ही सगळं उलटं केलं. बोट आधी घेतली आणि ती ओढायची कशाने, हा प्रश्न नंतर पडला. मिशिगनमध्ये दहा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींत फुकट फिरून झाल्यावर एकदाची अठरा फुटी सेकंडहँड बोट घेतली. दारात होंडा सीआर-व्ही, तिची ओढायची मर्यादा 1,500 पौंड. विकणारा म्हणाला, "बोटीचं वजन फक्त 2,500."

ते 'फक्त' भलतंच महाग निघालं. 2,500 हे रिकाम्या, कोरड्या बोटीचं वजन. ट्रेलर वेगळा, पेट्रोल वेगळं (गॅलनला साधारण सहा पौंड), शिवाय बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं. मित्राच्या पिकअपने ट्रकच्या वजनकाट्यावर नेली आणि बोटीसकट ट्रेलर पिकअपपासून सुटा करून तोलला. 3,820! बायकोने मनात पक्की केलेली मिनीव्हॅन तिथेच बाद झाली. सिएना घ्या नाहीतर ओडिसी, दोघींची मर्यादा 3,500.

पिकअप घे, असं सगळ्यांनी सुचवलं. पण वर्षातले तीनशेच्या वर दिवस मागे बोट नसते, मुलांची शाळा आणि पटेलांचं दुकान असतं. मग होंडा पायलट या एसयूव्हीवर आलो. 2016 नंतरची टू-व्हील ड्राइव्ह पायलट (इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना) 3,500 ओढते, ऑल-व्हील ड्राइव्हवाली (जोर चारही चाकांना) 5,000. नाव एकच, पण दीड हजार पौंडांचा फरक!

ऑल-व्हील ड्राइव्ह कशाला हवी, हे एका रविवारी लेक सेंट क्लेअरच्या काठी, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर बसून पाहिलं. एक मिनीव्हॅन बोट वर काढत होती. शेवाळलेलं ओलं काँक्रीट, मागे बोटीचा भार, त्यामुळे पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायला लागली. जळक्या रबराचा वास आला. शेवटी दोन धिप्पाड माणसं बॉनेटवर बसली, तेव्हा कुठे गाडी हलली.

जुनी पायलट बघायला गेलो तेव्हा सेल्समन 5,000चाच पाढा म्हणत होता. मी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून 1,340 पौंड. ट्रेलरचं तोंड हुकवर जेवढं दाबतं, तेही यातच धरायचं. आम्ही चौघं 560, सामान 150, हुकचा दाब चारशेच्या आत. बसत होतं. घेतली.

बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते. नांगर आणि पेट्रोलचे कॅन मी बोटीच्या मागच्या टोकाला ठेवले होते. हुकवरचा दाब मोजला तर 310. बाबा लांबून बघत म्हणाले, "उलाळ झालीय की ही." बैलगाडीत माल मागे पडला की जू वर उचलतं, तसंच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे नसेल तर ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो, हे मी आठवडाभर वाचून शिकलो होतो! सामान पुढे सरकवलं, काटा 390वर आला.

उतारावर बोट मागे घेणं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला सरकवायचा, एवढंच तंत्र. तरी चारदा चुकलो. पाचव्यांदा सरळ गेली. मागे सहा गाड्या खोळंबल्या होत्या आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.