छोट्या ट्रॅक्टरला मागनं बकेट
आमचा ट्रॅक्टर ३५ एचपीचा. खानापूर भागात पाऊस दणकून, दरवर्षी चर मारायला जेसीबीवाल्याच्या मागं फिरायचं आणि तो "उद्या येतो की" म्हणणार, म्हणून शेवटी मागनं लावायचा सेकंडहँड बॅकहो, म्हणजे बकेटवाला खोदायचा हात, घेतला. पहिल्यांदा नुसता थ्री पॉइंट लिंकेजलाच, म्हणजे नांगर अडकवायच्या मागच्या तीन दांड्यांनाच, अडकवला, तिथंच चुकलो. जांभ्यात बकेट अडकलं, मी बूम, म्हणजे बॅकहोचा मोठा दांडा, उचलतोय आणि पुढची चाकं वीतभर वर! टॉपलिंकची, म्हणजे वरच्या दांडीची, पिन पण वाकली. बेळगावच्या उद्यमबागेतले मिस्त्रीमामा म्हणाले, "एवढ्यावर सुटलास बघ, सगळा जोर मागच्या हाऊसिंगवर, गिअरच्या पेटीवर येतोय, ते फुटलं तर ट्रॅक्टर मधनं दोन व्हायचा." मग सबफ्रेम, म्हणजे खालनं लोखंडी सांगाडा, करून घेतली, मागच्या एक्सलपासनं पुढं चेसीपर्यंत, म्हणजे ताण वाटला जातो. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप पण पुरत नव्हता, बूम आणि बकेट एकदम चालवलं की दोन्ही मुंगीच्या चालीनं, म्हणून पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, वेगळा पंप, तेलाची टाकीही वेगळी. पुढं वजनं टाकली. आता आधी बॅकहोचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, मगच खोदायचं. जेसीबीची सर नाही हां, पण पाइपलाइनचा दीड फुटी चर निवांत निघतो. बायको म्हणते तेवढ्या पैशात एक म्हैस... जाऊ दे.