ढगळ कपड्यांनाही माप असतं

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन दुकानाचा मेल आला. यापुढे परत पाठवलेल्या प्रत्येक पार्सलमागे पैसे कापणार म्हणे. कारण काय, तर गिऱ्हाइकं एकच ड्रेस दोन-तीन मापांत मागवतात आणि एक ठेवून बाकीचे परत करतात. मला त्या मेलचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बाई एकच ड्रेस तीन मापांत का मागवते, हा प्रश्न त्या दुकानाने आधी स्वतःला विचारायला हवा होता.

कायद्याने त्यांचं चुकत नाही, हे मान्य. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत काहीही कारण न देता परत करता येते, पण परतीच्या टपालाचा खर्च आधी सांगितलेला असेल तर तो गिऱ्हाइकाच्या माथी मारता येतो. दुकानात जाऊन घेतलेल्या कपड्याला इथे, मी राहते त्या स्वीडनमध्ये, तेवढंही संरक्षण नाही. तो परत घ्यायचा की नाही, हे दुकानाच्या मर्जीवर. म्हणून तर माप आधीच बरोबर कळायला हवं.

मी बोलतेय ते ढगळ कपडे कोणते, ते सांगते. इथे गोथेनबर्ग शहरातल्या ट्राममध्ये वीस वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळ्या घालतात ते: खाली उतरलेले खांदे, पोटरीपर्यंत लांबी, भरपूर घेर, खोल खिसे. उन्हाळ्यात लिनन, थंडीत लोकर. मावशीने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "अगं, गाऊनवरच ऑफिसला निघालीस की काय?" मावशी, त्या ड्रेसच्या आत थर्मल आणि वर जाड स्वेटर जातो, तो घालून सायकल चालवता येते, आणि खिशात मोबाइल, किल्ल्या, हातमोजे सगळं मावतं. हा आळशीपणा नाही, यामागे मोठी परंपरा आहे. फिनलंडचा मारिमेक्को हा ब्रँड १९५१ मध्ये सुरू झाला. त्यांचे सुटसुटीत, कमरेत न आवळणारे ड्रेस १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडींनी घेतले, तेव्हा अमेरिकेत त्याची चर्चा झाली होती. स्टॉकहोमची डिझायनर गुडरून श्योदेन १९७६ पासून असेच मोकळे, रंगीत सुती कपडे करत आली आहे. आणि खरं सांगायचं तर अंगाला हवा लागू देणारे कपडे कसे असतात, हे सुती कुर्त्यांवर वाढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. म्हणूनच मला ते पहिल्यापासून आपले वाटले.

आता आकड्यांकडे या. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात चालणारं ३८ नंबरचं माप म्हणजे छाती साधारण ८८ सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे: छातीचं माप निम्मं करा, त्यातून ६ वजा करा. आपल्या कुर्त्यावरचं ३८ मात्र इंच असतात, म्हणजे ९६ सेंटिमीटरच्या वर. ते इथल्या हिशेबाने ४२ होतं. भारतातून नवीन आलेली प्रत्येक मुलगी सवयीने ३८ उचलते आणि ट्रायल रूममध्ये हिरमुसते. तिचं वजन वाढलेलं नसतं, आकड्याचं एकक बदललेलं असतं. त्यात फ्रेंच लेबल आलं की त्यांचं ३८ म्हणजे इथलं ३६. एस, एम, एल तर बोलायलाच नको. एका ठिकाणी एम म्हणजे ३८-४०, तर शेजारच्या दुकानात ४०-४२.

पण एवढं पाठ करूनही ढगळ कपड्यात फसायला होतंच. साइटवरच्या तक्त्यात शरीराचं माप असतं, कपड्याचं नसतं. तुमची छाती ९२ असेल तर एम घ्या, इतकंच तो सांगतो. त्या एम ड्रेसचा घेर १०४ आहे की १२६, हे कुठेच लिहिलेलं नसतं. डिझायनरने किती सैल ठेवलंय, हाच तर या कपड्यांचा सगळा मुद्दा, आणि नेमका तोच गाळलेला. "सैलच तर आहे, कुठलाही साइज चालेल" असं माझ्या इथल्या मैत्रिणीसुद्धा म्हणतात. त्यांना चालतो, कारण त्या उंच आहेत. युरोपातले कपडे बेतायचे कागदी साचे साधारण १६८ सेंटिमीटर उंचीची बाई धरून केलेले असतात. बुर्डा या शिवणकामाच्या मासिकातले नेहमीचे साचे याच उंचीचे. माझी उंची १५५. मधले तेरा सेंटिमीटर अंगभर वाटले जातात: कमरेची शिवण नितंबावर येते, खिसे इतके खाली जातात की तळाशी हात पोचत नाही, बाही बोटं झाकते. एक साइज खाली जाऊनही भागत नाही, कारण एका साइजमागे घेर चार सेंटिमीटरने बदलतो आणि लांबी जेमतेम एकाने. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे. म्हणजे हे माझ्या एकटीचं दुखणं नाही.

इथे स्वीडनमध्ये मुलांचे कपडे उंचीवर मिळतात, ९८, १०४, ११०, ११६ असे सहा-सहा सेंटिमीटरच्या टप्प्याने. आईने मुलाला भिंतीपाशी उभं करायचं, मोजायचं, विषय संपला. इतकी शहाणी पद्धत असलेल्या देशाला बायकांची उंची लेबलवर लिहिणं जड का जावं? मी रेनकोट आणि स्वेटर मुलांच्या विभागातूनच घेते, १५८ नंबरचा. छान बसतो आणि स्वस्तही पडतो. ड्रेस मात्र तिथे घेऊ नये, छातीत जागाच नसते.

गोथेनबर्गच्या हागा भागातल्या एका लहान दुकानातल्या बाईंनी मला वाट दाखवली. साठीच्या असतील. त्यांनी माझा साइज विचारलाच नाही. "तुम्हाला सगळ्यात सुखाचा वाटणारा कपडा कोणता?" असं विचारलं. मी अंगावरच्या खादीच्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो मागून घेतला, टेबलावर सपाट पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या आणि टेप एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत लावला: ५६ सेंटिमीटर. मग निळसर लिननचा एक ड्रेस शेजारी ठेवून तोही मोजला. मला सांगलीतल्या गणपती पेठेतले आमचे टेलर आठवले. "वहिनी, मापाचा ब्लाउज आणलाय ना?" याच्याशिवाय ते कात्री हातात घेत नाहीत. आपल्या आया-मावश्यांना ठाऊक असलेली ही पद्धत मला इथे स्वीडिशमध्ये भेटली. बाईंनी दिलेला ड्रेस एक्सएस होता. सांगलीत मी कायम एल घेत आले. घातल्यावर त्यांनी मला हात वर करायला, खाली बसायला आणि सायकलचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायला लावले. काखेत कुठेही ओढ बसली नाही. पैसे देताना किंमत बघून छातीत धस्स झालं हे खरं, पण इथे २५ टक्के कर त्यातच असतो, आणि असा ड्रेस मी वर्षानुवर्षं वापरते.

तेव्हापासून मी तो कुर्ता मोजूनच खरेदी करते. काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करायचं. न ताणणाऱ्या कापडात शरीराच्या मापापेक्षा १० सेंटिमीटर तरी जास्त हवेत. मला २० बरे वाटतात, तिसाच्या पुढे मी जात नाही. खांदा उतरलेला असेल तर नुसती बाही मोजून उपयोग नाही, मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत मोजायची. दंडाचा घेर बघायचाच, आपल्या बायकांचं बहुतेक वेळा तिथेच अडतं. लिनन आधी धुतलेलं नसेल तर आटणार हे धरून चालायचं. साइटवर कपड्याचं माप नसेल तर मी सरळ मेल करून मागवते. लहान दुकानं त्याच दिवशी मोजून कळवतात. मोठी दुकानं तोच तक्ता पुन्हा पाठवतात आणि नंतर परतीचे पैसे कापतात.

आपल्याकडचं चित्रही फार वेगळं नाही. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइज प्रकल्पात २५ हजारांहून अधिक भारतीयांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेतली, ती आपल्या अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणूनच. तो प्रत्येक लेबलवर येवो. तोवर गणपती पेठ आहे, हे आपलं भाग्य. इथे स्वीडनमध्ये पँटची लांबी कमी करायलासुद्धा दोन-तीनशे क्रोनर (इथलं चलन) मोजावे लागतात.

दिवाळीला येताना लिननचा ड्रेस आणायला बऱ्याच जणींनी सांगितलंय. आनंदाने आणेन. फक्त एम की एल ते कळवू नका. तुमचा आवडता कुर्ता पलंगावर सपाट पसरा आणि काखेतलं माप, दंड, खांद्यापासून लांबी सेंटिमीटरमध्ये पाठवा. सोबत तुमची उंचीही.